‘ओके’ म्हणजे नेमकं काय समजलं?



आपण मुलांना दिवसातून कितीतरी वेळा विचारतो, “समजलं का?” उत्तरही ठरलेलं असतं, “हो!” पण नेमकं काय समजलं, हे आपण क्वचितच तपासतो. असा न तपासलेला ‘हो’ विमानतळावर किती महाग पडतो, ते आज पाहू. संवादकौशल्याच्या तासाला ही माहिती वापरता येईल.

टॅक्सिंग म्हणजे काय?

उड्डाणाआधी आणि उतरल्यावर विमान जमिनीवर चाकांवर चालतं, त्याला टॅक्सिंग म्हणतात. कोणत्या रस्त्याने जायचं, कुठे थांबायचं, धावपट्टीवर कधी यायचं, हे टॉवरमधले नियंत्रक रेडिओवरून सांगतात. दोघे एकाच वेळी बोलले, तर रेडिओवर नुसती कर्कश शिट्टी ऐकू येते.

तेनेरीफ, २७ मार्च १९७७

स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या एका विमानतळावर बॉम्बस्फोट झाला, म्हणून बरीच विमानं शेजारच्या तेनेरीफ बेटावर वळवली. तिथला विमानतळ लहान. उभ्या विमानांनी टॅक्सीचा रस्ता अडला. त्यामुळे केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांच्या दोन जंबो विमानांना धावपट्टीवरूनच टॅक्सी करावी लागली. त्यात दाट धुकं! टॉवरला विमानं दिसत नव्हती, विमानांनाही एकमेकांचं काही दिसत नव्हतं.

पॅन ॲमला तिसऱ्या फाट्याने बाहेर पडायला सांगितलं होतं. तो फाटा मागे राहिला आणि विमान धावपट्टीवरच पुढे चालत राहिलं. तिकडे केएलएमचं विमान टोकाला जाऊन वळून उभं होतं. त्याला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली, उड्डाणाची नव्हे. सहवैमानिकाने ती परत म्हणून दाखवली आणि ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’ अशा अर्थाचं वाक्य जोडलं. त्यांचं विमान निघालं होतं. नियंत्रकाला वाटलं, ते तयारीत उभे आहेत. तो “ओके” म्हणाला आणि पुढे ‘थांबा, मी सांगतो’ असंही म्हणाला. त्याच क्षणी पॅन ॲमने ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असं कळवलं. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. केएलएमला स्पष्ट ऐकू आलं फक्त “ओके”.

केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते विमान अजून बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलंही. कॅप्टनने ठामपणे ‘झालं’ म्हटल्यावर तो गप्प बसला. टक्कर झाली. ५८३ माणसं गेली.

यानंतर नियम कडक झाले. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. नुसतं ‘ओके’ चालणार नाही, महत्त्वाची सूचना परत म्हणून दाखवायची. याला रीडबॅक म्हणतात.

पण रीडबॅक पुरेसा आहे का?

२ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा विमानतळ. तटरक्षक दलाच्या विमानाला सांगितलं गेलं, ‘तुमचा क्रमांक पहिला, थांब्यापर्यंत या.’ त्यांनी ते बरोबर परत म्हटलं. तरीही धावपट्टीवर जायला परवानगी मिळाली आहे, असं समजून ते धावपट्टीवर गेले. उतरणारं प्रवासी विमान त्यांच्यावर आदळलं. प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण वाचले, पण तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला.

म्हणजे शब्द पाठ म्हटले, तरी अर्थ पोचलाच असं नाही. आपल्या वर्गात तर हे रोजच घडतं. व्याख्या घडाघडा म्हणणारं मूल उदाहरण विचारलं की अडतं.

वर्गात करून पाहा

दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाने आकृतीचं वर्णन करायचं, दुसऱ्याने ती काढायची.

१. पहिल्या फेरीत काढणाऱ्याने फक्त “ओके” म्हणायचं.
२. दुसऱ्या फेरीत प्रत्येक सूचना परत म्हणायची.
३. तिसऱ्या फेरीत काढण्याआधी “म्हणजे मी आता असं करतो” हे स्वतःच्या शब्दांत सांगायचं. शंका आली तर थांबवून विचारायचं.

तिन्ही चित्रं फळ्यावर लावा. फरक का पडला, हे मुलांनाच सांगू द्या. फ्लाइट इंजिनिअरच्या शंकेवरही जरूर चर्चा करा. मोठ्यांना पुन्हा विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, हे मुलांना कळलं पाहिजे. आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर आपण चिडायचं नाही, हे आपल्यालाही!

उद्यापासून “समजलं का?” ऐवजी “आता तू काय करणार, सांग बरं?” असं विचारू या. घरीसुद्धा.