मोटर भरायला देण्याआधी

शिरड शहापूर, औंढा, वसमत हा हळदीचा पट्टा. जानेवारीपासून काढणी सुरू होते, मागोमाग शिजवणी, वाळवण आणि शेवटी पॉलिश. विजेवर चालणाऱ्या पॉलिशच्या ड्रमची मोटर वर्षभर शेडमध्ये पडून असते आणि ऐन हंगामात जळते. ढिगारा तसाच पडून राहतो, वाळलेल्या हळदीवर अवकाळी आला तर नुकसान वेगळंच. म्हणून डिसेंबरात एक दिवस मोटरला द्या. ही कृती पाच-साडेसात एचपीच्या थ्री फेज मोटरची आहे, डाळ मिल आणि पिठाच्या गिरणीलाही तीच चालते.

आधी मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. स्टार्टरला ‘ऑटो’ लावलेला असेल तर तोही काढा. ‘आत्ता लाईट नाही’ या भरवशावर मोटरला हात लावू नका. लाईट येण्याची वेळ आपल्या हातात नाही, आणि ऑटो मोटर आपोआप चालू करतो. टेस्टरने तिन्ही फेज बघूनच पेटी उघडा.

मागची जाळी आणि पंखा काढा. हळदीची बारीक भुकटी बॉडीच्या पात्यांमध्ये बसते आणि पावसाळी ओल लागली की घट्ट थर होतो. कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने तो काढा, पाणी मारू नका. हे काम किरकोळ वाटतं, पण वाइंडिंग कायम दहा अंश जास्त तापलं तर इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. पंखा तुटला असेल तर नवाच बसवा.

आता पट्टा उतरवून शाफ्ट हाताने फिरवा. खरखर लागली किंवा शाफ्ट वर-खाली हलला तर बेअरिंग गेलं. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून तोच आणा. ६२०६ म्हणजे आतलं भोक ३० मिलिमीटर, शेवटच्या दोन अंकांची पाचपट. काढताना पुलर वापरा. नवं बसवताना ऐंशी ते शंभर अंशांपर्यंत गरम केलं की ते सहज सरकतं. ठोकायचंच असेल तर पाइपाचा तुकडा आतल्या कड्यावर टेकवून ठोका. बाहेरच्या कड्यावर हातोडा पडला की गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग महिन्याभरात ओरडायला लागतं. उघड्या बेअरिंगमध्ये ग्रीस निम्म्या जागेपेक्षा जास्त भरू नका, जादा ग्रीसने बेअरिंग तापतं.

मग मेगर. सहाही टोकं सुटी करून ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक वाइंडिंग बॉडीशी आणि एकमेकांशी तपासा. एक मेगओहमच्या खाली काटा आला तर मोटर चालू करू नका. बहुतेक वेळा ती नुसती ओल असते. मोटर खोलून कडक उन्हात ठेवा किंवा आत शंभर वॅटचा बल्ब लावून झाकून ठेवा, बल्ब कॉईलला टेकू देऊ नका. पुन्हा मोजा. तरी काटा चढला नाही तरच रिवाइंडिंगचा विचार.

जोडणी करताना काळे पडलेले लग्स बदला, नट घट्ट आवळा. ढिला नट म्हणजे एक फेज कधीही जाणार. ओव्हरलोड रिले नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावा. साडेसात एचपीला ४१५ व्होल्टवर तो साधारण अकरा असतो. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मोटरच्या फेजमध्ये असेल तर अकराला ०.५८ ने गुणून सुमारे ६.४ वर. सतत ट्रिप होतं म्हणून रिले वाढवून ठेवला, तर पुढची ट्रिप मोटरच्या कॉईलमध्येच होते.

हे सगळं करूनही जळलीच, तर दुकानात नेऊन ‘भरून द्या’ म्हणण्याआधी मोटर स्वतःसमोर उघडायला लावा आणि कॉईल नीट बघा. स्टारमध्ये जोडलेल्या मोटरचे दोन फेज काळे आणि तिसऱ्याच्या कॉईल कोऱ्या दिसल्या, किंवा डेल्टातल्या मोटरचा एकच फेज काळा दिसला, तर चालू मोटरचा एक फेज गेलेला होता. दोष फ्यूजचा, काँटॅक्टचा किंवा डीपीवरच्या झंपरचा. तिन्ही फेज सारखे काळे असतील तर लोड जास्त, ड्रम अडकलेला किंवा हवा बंद. एकाच जागी तांबं वितळलं असेल तर तिथे इन्सुलेशन फुटलं. कारण न शोधता भरलेली मोटर त्याच कारणाने पुन्हा जळते, आणि भुर्दंड शेतकऱ्याच्या माथी बसतो. दोन फेजवर कॅपॅसिटर लावून मोटर ओढणं तर बंदच करा. सिंगल फेज प्रिव्हेंटर बायपास करू नका.

जुनी कॉईल कापण्याआधी कारागिराकडून चिठ्ठी लिहून घ्या: स्लॉट किती, एका कॉईलचे फेरे किती, कॉईल कोणत्या स्लॉटमधून कोणत्या स्लॉटमध्ये, तारेचा गेज, एकत्र किती तारा, जोडणी स्टार की डेल्टा. जुनी तार काढायला स्टेटर थेट आगीत टाकू देऊ नका. पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि मोटर कायमची जास्त तापते. नवीन कॉईलला वार्निश देऊन भट्टीत सुकवलेलं हवं.

घरी आणल्यावर आधी पट्ट्याशिवाय चालवा आणि टाँग टेस्टरने तिन्ही फेजचे अँपिअर मोजा. एका फेजला ठळक फरक दिसला तर मेन बंद करून तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा. फिरण्याची दिशा तीच राहते. जादा अँपिअर त्याच लाईनवर राहिले तर दोष सप्लायचा, वायरमनला सांगा. मोटरच्या त्याच टोकाबरोबर सरकले तर दोष भरणीचा, मोटर दुकानात परत न्या आणि दुरुस्त करून मागा. कारागिराची चिठ्ठी बिलाबरोबर जपून ठेवा, पुढच्या वेळी तीच लागेल.