आजारपणाआधीची कागदपत्रे: काय करावे, काय टाळावे

ही यादी बचत गटाच्या अध्यक्षांसाठी, आशाताईंसाठी आणि वस्तीत धावपळ करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पिवळ्या, केशरीच नव्हे, पांढऱ्या रेशनकार्डावरही कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. तरी मंगळसूत्र गहाण पडतेच. कारण रात्री अकरा वाजता दवाखान्याच्या काउंटरवर कागद हाताशी नसतो आणि विचारायचे कुणाला, ते ठाऊक नसते. आपले काम त्या रात्रीच्या आधीचे आहे.

काय करावे

• गटाच्या बैठकीत एकदा सगळ्यांची रेशनकार्डे उघडून बघा. आधारवरचे नाव आणि कार्डावरचे नाव जुळते का, हे अक्षर अक्षर तपासा. सर्वांत जास्त अडतात त्या नव्या सुना. माहेरच्या कार्डावरून नाव कमी झालेले नसते, नाहीतर सासरच्या कार्डावर चढलेले नसते. मग आजारी पडली की योजनेच्या हिशेबात ती कुठल्याच घरची राहत नाही. हे काम दोन फेऱ्यांत होत नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत कुणाला तरी तिच्यासोबत जावे लागते.

• घरात सत्तरी ओलांडलेले कुणी असेल, तर त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

• योजनेतल्या जवळच्या रुग्णालयांची यादी करून समाजमंदिराच्या भिंतीवर लावा. नुसती नावे नकोत. हृदयाचे उपचार कुठे, डायलिसिस कुठे, कॅन्सरचे कुठे, हे लिहा; योजनेतले प्रत्येक रुग्णालय प्रत्येक आजारासाठी नसते. खाली मोठ्या आकड्यांत १५५३८८ हा मदत क्रमांक लिहा.

• रुग्णालयात पोहोचल्यावर आधी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा तिथला मदतनीस, शोधायचा, हे प्रत्येक घराला सांगून ठेवा. नोंदणी आणि मंजुरीचा मार्ग त्याच्याच टेबलावरून जातो.

• मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयाला घाबरू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतून २ टक्के निधी वेगळा काढला जातो. तातडीचा रुग्ण असेल, तर आधी दाखल करून त्याची प्रकृती स्थिर करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मात्र आधीच काढलेला असावा. रुग्ण आयसीयूत असताना दाखल्याच्या रांगेत उभे राहायला घरातले कुणी मोकळे नसते.

• बँक खात्यातून प्रधानमंत्री विमा योजनांचे वर्षाचे ४५६ रुपये कापले जातात की नाही, ते पासबुकात पाहा. ४३६ रुपयांत जीवनज्योती, २० रुपयांत सुरक्षा विमा, दोन्हींचे संरक्षण २-२ लाखांचे. मे अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक नसेल, तर १ जूनपासून घर उघड्यावर येते. म्हणून मेच्या बैठकीत हा एकच विषय घ्या.

• शेतात साप चावला, झाडावरून कुणी पडले, तर लगेच सरकारी दवाखान्यात नेऊन नोंद करा. सुरक्षा विम्यात असा मृत्यू अपघाती धरला जातो, पण त्याला दवाखान्याचा कागद लागतो. मांत्रिकाकडे आधी गेलेल्या घराचा माणूसही जातो आणि हक्काचे २ लाखही.

• ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याकडे रेशनकार्डाची प्रत आणि मोबाइलमध्ये सगळ्या कागदांचे फोटो असू द्या. बीडचे कार्ड कोल्हापुरातही चालते. आयुष्मान कार्डाचा उपयोग तर योजना लागू असलेल्या दुसऱ्या राज्यातही होतो.

• गटाचा छोटा आजारपण निधी ठेवा. विमा ऑपरेशनचा खर्च उचलतो. एसटीचे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण आणि बुडालेली रोजंदारी उचलत नाही. सावकाराकडची पहिली फेरी या दोन-तीन हजारांसाठीच असते. पुण्यातल्या अन्नपूर्णा परिवाराने सभासदांच्याच वर्गणीतून आरोग्याचा परस्पर निधी उभा केला आहे. तशी सुरुवात दहा बायकांनाही करता येते.

काय टाळावे

• आरोग्यमित्राशी बोलल्याशिवाय डिपॉझिट भरू नका. खिशातून भरलेले बिल मागाहून योजनेकडे मागण्याची सोय नाही. मंजूर उपचारासाठी कुणी पैसे मागितलेच, तर पावती घ्या आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवा.

• साध्या तापासाठी, शुगरच्या तपासणीसाठी खासगीत खर्च करू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सेवा मोफत आहे.

• बचतीची पॉलिसी आरोग्य विमा म्हणून घेऊ नका. 'पैसेही परत, आजारपणही निघेल' असे सांगणाऱ्याला पॉलिसीत ते कुठे लिहिले आहे, ते दाखवायला सांगा. पॉलिसी घेतलीच असेल आणि ती नको वाटली, तर ३० दिवसांत परत करता येते.

• खासगी विमा घेताना बीपी, शुगर, जुने ऑपरेशन लपवू नका. आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षे थांबावे लागते. लपवलेला आजार उघडकीला आला, तर हप्ता वर्षानुवर्षे भरूनही दावा नाकारला जातो, आणि हा धक्का गरीब घराला पेलत नाही.

• दोन बँकांतून एकच विमा काढू नका. सुरक्षा विम्याची भरपाई एकदाच मिळते, दुसरा हप्ता वाया जातो.

• कर्जाच्या रकमेतून कापलेल्या विम्याबद्दल गप्प बसू नका. विमा कुणाचा, किती रकमेचा, वारस कोण, हे सहीआधी विचारा.

• कंपनीने दावा नाकारला म्हणून फाइल बंद करू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. अर्ज लिहिता येत नसेल, तर गटातल्या शिकलेल्या मुलीने तो लिहावा. दावा नाकारल्याचे पत्र आणि पॉलिसीची प्रत सोबत जोडावी.