जास्वंद लावलीस ना, सूनबाई? मग हे ऐक

नर्सरीतून तीन रंगांच्या जास्वंदी घेऊन आलीस, फार बरं केलंस. जासईत जास्वंद आनंदाने वाढते, पण इथला वारा खाडीचा आणि धूळ बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांची, म्हणून तिची काही पथ्यं पाळावी लागतात. घाई नको, एकेक ऐक.

१. खाजणातली काळी माती किंवा खाडीची वाळू कुंडीत भरू नकोस, दाराशी फुकट मिळाली तरी — मीठ मुळं जाळतं, आणि वाळूतल्या शिंपल्यांच्या चुन्याने पानं पिवळी पडतात. दोन वाटे लाल माती, एक वाटा पुरतं कुजलेलं शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरे.

२. कुंडी निदान बारा इंची घे, भोकं मोकळी आहेत ना बघ, आणि पावसाळ्यात खालची बशी काढून ठेव — साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात, शिवाय डास होतात ते वेगळंच.

३. बोअरचं पाणी घालण्याआधी थेंबभर जिभेवर टेकवून बघ. खारट लागलं तर ते धुण्याभांड्याला, जास्वंदीला नळाचं — पानांच्या कडा करपायला लागल्या की समजायचं, मातीत मीठ साठलंय. मी म्हणते, खारं पाणी मुकं, पण पान बोलकं.

४. जूनमध्ये दोन-चार मोठ्या सरींनी पत्रा धुऊन निघाला, की कुंड्या पागोळ्यांखाली सरकव — वर्षभराचं मीठ भोकातून वाहून जातं. त्यानंतर खत द्यायला मात्र विसरू नकोस, कारण मिठाबरोबर तेही वाहून गेलेलं असतं.

५. पाणी घड्याळ बघून नाही, बोट मातीत घालून द्यायचं — वरचा थर कोरडा लागला तर तळातून ओघळेपर्यंत घाल, ओला लागला तर राहू दे. तुझा हात मायेने सैल आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

६. निदान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा दे — सावलीत पानं भरपूर येतात, फुलं येत नाहीत.

७. आठवड्यातून एकदा सकाळी सगळी पानं पाण्याने धू, फवाऱ्याने खालूनसुद्धा — धूळ बसलेल्या कोरड्या पानावर लाल कोळी पटकन वाढतो.

८. फूल तोडायला जाशील तेव्हा रोज दोन पानं उलटून बघ. साऱ्या कानमंत्रांत हा माझा सगळ्यात आवडता, कारण जास्वंदीचं निम्मं दुखणं पानाच्या पाठीवर आणि शेंड्याच्या बेचक्यात सुरू होतं. कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. एका शेंड्यावर असेल तेव्हाच तो शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडव — पंधरा दिवस गेले की झाडभर होतो. पसरलाच, तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून उन्हं उतरल्यावर फवार, आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

९. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की त्याच दिवशी झाड तपास — मावा आणि पिठ्या गोड चिकटा सोडतात, त्यासाठी मुंग्या त्यांना सांभाळतात. मुंगी चढली खोडाला, पिठ्या आला जोडीला.

१०. दुकानातलं जहाल औषध आणू नकोस — तीच फुलं देवाला जातात, खोबरेल तेलात उकळून केसांना लागतात, आणि शिंजीर रोज त्यांत चोच घालतो.

११. छाटणीला भिऊ नकोस — जास्वंदीचं फूल नव्या फुटीवरच येतं. कात्रीला भ्याली ती फुलाला मुकली! पण वेळ सांभाळ. १६ जानेवारीला गावात हुतात्म्यांना वंदन असतं. १९८४ साली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उभे राहिले, १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारात पाच जण गेले. आज तू जिथे कुंड्या मांडल्यास ते अंगण संपादलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळालेल्या साडेबारा टक्क्यांतलं आहे, त्याच लढ्यातून मिळालेलं. त्या दिवशी आपल्या झाडाची फुलं स्मारकावर गेलीच पाहिजेत. थंडीत ती आधीच कमी असतात, म्हणून तोवर कात्री लावायची नाही. मग माघी गणपती होऊ दे, आणि थंडी ओसरली की छाट.

१२. एका वेळी निम्म्याच फांद्या छाट, उरलेल्या तीन आठवड्यांनी — म्हणजे देवघर कधी रिकामं राहत नाही. प्रत्येक फांदीचा तिसरा हिस्सा काढ, बाहेरच्या अंगाला बघणाऱ्या डोळ्याच्या वर तिरका काप दे. आषाढ लागला की कात्री बंद, नाहीतर भाद्रपदात गणपतीला शेजारून फुलं आणावी लागतील.

१३. खत थोडं आणि वरचेवर दे; युरिया नको, कोंबडीखतही नको — पहिल्याने नुसता पाला माजतो, दुसऱ्यातलं जास्तीचं स्फुरद जास्वंदीला मानवत नाही. केळीच्या साली शेणखतात कुजवून घाल, पालाश मिळतं.

१४. कळ्या गळायला लागल्या तर आधी पाण्याचा नेम तपास, मग एक कळी चिरून बघ. आत बारीक पांढऱ्या अळ्या असतील तर गळलेली प्रत्येक कळी वेचून पिशवीत बांधून फेक — मातीत राहिली तर अळी तिथेच कोष करते आणि पुन्हा वर येते.

१५. तुझी पिवळी आणि केशरी कलमी आहेत. जोडाच्या खालून फुटलेला कोंब दिसताक्षणी मोड — तो खालच्या गावठी झाडाचा असतो, जोमाने वाढतो आणि वरचं कलम मारतो.

१६. पहाटे धावपळ होते ना? मग उद्या उमलणारी टपोरी कळी आदल्या संध्याकाळीच काढून ठेव — घरातसुद्धा ती सकाळी उमलते.

१७. शेजारीण कुंपणावरून चार फुलं नेते, नेऊ दे — संध्याकाळी ती मिटणारच असतात, आणि आपण गावाला गेलो की पाणी तीच घालते.

१८. लाल गावठी मात्र विकत आणू नकोस. पावसाळा लागला की ये, पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर फांद्या काढून ठेवते. खालची पानं काढून, तिरका काप देऊन सावलीत खोच आणि महिना-दीड महिना उपटून बघू नकोस — तेवढ्यात मुळं धरतात. तुझा हात तेवढा वेळ दम धरेल का, हे मला बघायचंय.