हिट्स मोजू नका, गिऱ्हाईक मोजा!

मित्रांनो, साइटवर हजारो हिट्स पडल्या म्हणून हुरळून जाऊ नका. पानावर २० फोटो असतील तर पहिल्यांदा आलेल्या एकाच माणसामुळे सर्व्हरच्या नोंदीत २१ हिट्स पडतात! खरी माणसं मोजायला गूगल अ‍ॅनालिटिक्स २००५ पासून फुकट मिळतं.

समजा, कोल्हापुरी चपलांच्या एका छोट्या दुकानाची साइट आहे. महिन्यात ५०० जण आले, ५० जणांनी ऑर्डरचं पान उघडलं, चपला घेतल्या फक्त ५ जणांनी. मग जाहिरातीवर पैसे ओतण्याआधी बाकीचे ४५ दारातून का परतले ते शोधा. माप कळलं नाही? कुरिअरचा खर्च शेवटी दिसला? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. आकडे लहान असतात, म्हणून आठवड्याभरात निष्कर्ष मात्र काढू नका.