कचेरीतील वकील आणि संगणक

वकील म्हटला की आपल्यापुढे काळा कोट, पांढरे बँड आणि न्यायालयाच्या आवारातील अशिलांची गर्दी उभी राहते. परंतु कायदा शिकलेल्यांचा आणखी एक वर्ग आहे, त्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तो म्हणजे मोठ्या संस्थांच्या कचेरीत पगारावर बसणारा विधी अधिकारी. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला त्या काळात वकिली करता येत नाही. म्हणून हा मनुष्य न्यायालयात उभा राहत नाही. त्याचे काम कागद सांभाळणे, बाहेरच्या वकिलाला माहिती पुरविणे आणि मुदत चुकू न देणे हे होय.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. वणीकडील कोळशाच्या खाणी चालविणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स (स्थापना १९७५, मुख्यालय नागपूर), २००५ साली वीज मंडळाच्या विभाजनातून निघालेली महावितरण, पाटबंधाऱ्यांची कामे पाहणारे विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ. या सर्वांचा जमिनीशी, कामगारांशी व ग्राहकांशी रोजचा संबंध येतो, आणि संबंध आला की दावे आलेच. एक दावा यवतमाळला, त्याचे अपील नागपूर खंडपीठात, आणि फाईल तिसऱ्याच ठिकाणी. पूर्वी हा सारा व्याप एका जाड रजिस्टरवर आणि एखाद्या जुन्या कारकुनाच्या स्मरणशक्तीवर चाले.

आता मुदतीचे महत्त्व पाहू. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस व उच्च न्यायालयात ९० दिवस मिळतात. सरकारी खात्यांना उशिराबद्दल पुष्कळदा क्षमा मिळत असे. १९८७ च्या काटिजी खटल्यात भूसंपादन अधिकाऱ्याचा चार दिवसांचा उशीर सर्वोच्च न्यायालयाने उदारपणे माफ केला होता. पण २०१२ साली टपाल खात्याचे एक प्रकरण आले. उशीर ४२७ दिवसांचा! फाईल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, हेच त्याचे कारण. न्यायालयाने ते मानले नाही. खात्याजवळ कायदा जाणणारी माणसे आहेत, आधुनिक तंत्रसाधने उपलब्ध आहेत. तेव्हा टिपणांवर टिपणे लिहिण्याची जुनी रीत ही सबब चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. माझ्या मते या विषयातील हा सर्वात महत्त्वाचा निकाल होय. संगणक ही सोय राहिली नाही. तो असताना न वापरणे हा दोष ठरला.

मग कचेरीत हे यंत्र नेमके करते काय? ई-न्यायालय प्रकल्पात प्रत्येक खटल्याला १६ अंकाक्षरांचा एक क्रमांक मिळतो. तो घातला की पुढची तारीख, मागचे आदेश व निकाल पडद्यावर दिसतो. केंद्र सरकारच्या विधी व न्याय मंत्रालयाने आपल्या खात्यांसाठी व उपक्रमांसाठी ‘लिम्ब्स’ नावाची संगणकीय नोंदवही केली आहे; कोणत्या खात्याचा कोणता खटला कोठे आहे, हे तीत एकत्र पाहता येते. म्हणजे जुने रजिस्टरच, फरक एवढाच की कारकून रजेवर गेला तरी ते उघडते. अर्थात नोंद माणसालाच करावी लागते. ती केली नाही तर यंत्रही गप्प बसते.

पुराव्याची बाजू यापेक्षा अवघड आहे. पत्रव्यवहार ई-मेलने, देयके संगणकावर, दारावर कॅमेरा; हे सर्व न्यायालयापुढे कसे मांडायचे? जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निर्णय दिला, की मूळ यंत्र हजर केले नसेल तर संगणकीय प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यकच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे त्या प्रमाणपत्रात ‘हॅश’ही द्यावा लागतो. हॅश हा त्या मजकुराच्या अंगठ्यासारखा असतो. एक स्वल्पविराम बदलला तरी तो बदलतो. आमच्या आजोबांच्या कागदांवर शाईचा अंगठा आहे, म्हणून ही कल्पना मला लवकर कळली.

येथवर संस्थेची बाजू झाली. दुसऱ्या बाजूला कोण असतो? बेंबळा, अरुणावती, पूस यांसारख्या प्रकल्पांत जमीन गेलेला शेतकरी. १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील कलम २८-अ मुख्यतः त्याच्यासाठीच घातले गेले. शेजाऱ्याने न्यायालयात जाऊन वाढीव मोबदला मिळविला, तर त्याच अधिसूचनेतील, न्यायालयात न गेलेल्या शेतकऱ्यालाही तो मागता येतो. २०१३ च्या नव्या कायद्यात कलम ७३ मध्ये हीच तरतूद आहे. मात्र अर्ज निवाड्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत हवा. मला निकाल उशिरा कळला, हे म्हणणे चालत नाही. २००३ साली आंध्र प्रदेशच्या मर्री वेंकय्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले आहे.

संस्थेच्या विधी अधिकाऱ्याला तो निवाडा पडद्यावर लगेच दिसू शकतो. शेतकऱ्याला तो बाजाराच्या दिवशी, कोणाच्या तरी बोलण्यातून कळतो, आणि तोवर तीन महिने उलटलेले असू शकतात. वास्तविक ई-न्यायालयाची माहिती सर्वांना विनामूल्य खुली आहे, आणि आता गावोगावी मोबाईल पोहोचला आहे. शेजाऱ्याच्या दाव्याचा तो १६ अंकाक्षरी क्रमांक ठाऊक नसला, तरी पक्षकाराच्या नावावरूनही शोध घेता येतो. आमच्या वर्गातील खेड्यांतून येणाऱ्या मुलामुलींपैकी कोणालाही हे काम दहा मिनिटांत जमेल.