सगळंच पाण्यासारखं दिसतं तेव्हा

पोरी, जीन आणि प्रोटीन इंजिनीअरिंगचं काम हातानं शिकायला इंदापूरहून बारामतीला निघालीस, फार बरं वाटलं. विद्यानगरीत शिक, १९६२ पासून चालत आलेल्या तुळजाराम चतुरचंद कॉलेजात शिक, की पुढंमागं माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत जा. या कामाची गोम सगळीकडं एकच. डीएनए, एन्झाइम, बफर, सगळं पाण्यासारखंच दिसतं, आणि सोमवारी केलेली चूक शुक्रवारी जेलवर उमटते. डोळ्यांवर विसंबायची सोय नाही, म्हणून सवयींवर विसंबायचं. त्या सवयी सांगते. पाठ करू नकोस, हाताला लावून घे.

१. ट्यूबमध्ये काही घालायच्या आधी तिच्यावर नाव आणि तारीख लिही, झाकणावर आणि अंगावर दोन्हीकडं – पीसीआर मशीनचं तापलेलं झाकण वरची शाई हमखास पुसतं. लेबल नाही त्या ट्यूबला माहेर नाही.

२. पिपेटचं बटण घेताना पहिल्या टप्प्यापर्यंत, सोडताना दुसऱ्यापर्यंत दाब – घेतानाच दुसरा टप्पा गाठलास की जास्तीचा द्रव वर चढतो. एक मायक्रोलिटर घेतलास की टिपच्या टोकाकडं बघ. काही वेळा तिथं नुसती हवा असते.

३. दहा नमुने असतील तर मास्टर मिक्स अकरांचं कर – थोडं टिपेला चिकटतं, थोडं तळाशी राहतं, आणि दहाव्या ट्यूबच्या वाट्याला उपास येतो.

४. एन्झाइम सगळ्यात शेवटी काढ, बर्फावर ठेव आणि लगेच फ्रीझरमध्ये परत कर – बारामतीच्या एप्रिलात टेबलावरचा ऊन वारा त्याला मानवत नाही. घातल्यावर ट्यूबला बोटानं टिचकी मार, नाहीतर ग्लिसरॉलमुळं जड असलेलं एन्झाइम तळाशीच बसून राहतं.

५. रिस्ट्रिक्शन एन्झाइम एकूण मिश्रणाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नकोस – ग्लिसरॉल ५ टक्क्यांवर गेलं की ते नको तिथंही कापायला लागतं. दुप्पट घातलं म्हणून काम दुप्पट होत नाही, घोळ मात्र होतो.

६. लायगेजचा बफर आला की छोट्या छोट्या ट्यूबांत वाटून गोठव – त्यातलं एटीपी दर वेळी वितळताना थोडं थोडं मरतं, आणि बिचाऱ्या लायगेजला बोल लागतो.

७. कॉम्पिटंट पेशी बर्फावरच वितळू दे, आणि ४२ अंशांचा शॉक घड्याळ लावूनच दे, प्रोटोकॉलमध्ये असेल तेवढेच सेकंद – या पेशींची कातडी पातळ झालेली असते, जास्त वेळ ठेवलंस की डीएनए आत जायच्या आधी पेशीच जातात. या वेळात मोबाइल बॅगेत असू दे.

८. अगर ५० अंशांच्या आसपास उतरल्यावरच ॲम्पिसिलिन घाल – उकळत्यात घातलंस तर औषध मरतं आणि सगळेच जिवाणू जगतात. बाटली हातात धरवते का, हे बघ. धरवली की वेळ झाली.

९. प्लेट रात्रभराहून जास्त इन्क्युबेटरमध्ये ठेवू नकोस – मोठ्या वसाहतीभोवतीचं ॲम्पिसिलिन ती वसाहतच फोडून टाकते, आणि त्या मोकळ्या जागेत प्लास्मिड नसलेली बारकी पिल्लं उगवतात. उचलायची ती मधली मोठी.

१०. प्रत्येक प्रयोगात रिकामा नमुना ठेव: पीसीआरला डीएनएऐवजी पाणी, ट्रान्सफॉर्मेशनला प्लास्मिडविना पेशी – रिकाम्या ट्यूबमध्ये काही उगवलं, तर भरलेल्या ट्यूबचा आनंद खोटा. रिकामी ट्यूब खोटं बोलत नाही.

११. जीनमध्ये बदल केलास की जुना साचा डीपीएन-वन एन्झाइमनं कापून टाक – जिवाणूत वाढलेल्या जुन्या डीएनएवर मिथाइलची खूण असते, नव्यावर नसते, आणि हे एन्झाइम खूण बघूनच कापतं. तरीही शेवटी पूर्ण जीनचं सीक्वेन्सिंग कर. हवा तो बदल झाला असेल, पण नको तो झाला नाही ना, हेही बघावं लागतं.

१२. जीन चालू करणारं आयपीटीजी घालायच्या आधी एक मिलिलिटर कल्चर बाजूला काढून ठेव – आधीचं नसेल तर नंतरची पट्टी नवी की जुनीच, हे जेलवर कसं कळणार? नासलेल्या दुधासारखे प्रोटीनचे गोळे व्हायला लागले, तर ३७ वरून १८ अंशांवर ये आणि रात्रभर वाढव. पेशीला प्रोटीनची घडी घालायला सवड मिळते.

१३. रात्रीचं कल्चर लावायच्या आधी लाइट गेल्यावर शेकर आपोआप सुरू होतो का, ते विचारून घे – काही शेकर लाइट आली तरी झोपूनच राहतात, आणि सकाळी तुला वाटतं जिवाणूच आळशी निघाले.

१४. पेशी फोडताना ट्यूब बर्फात ठेव, सोनिकेटर थोडा थोडा वेळ चालव आणि फेस येऊ देऊ नकोस – उष्णतेनं आणि फेसानं प्रोटीनची घडी मोडते. प्रोटीन कुरतडणाऱ्या एन्झाइमांना अडवणारं पीएमएसएफ ऐन वेळी घाल. पाण्यात ते फार टिकत नाही.

१५. निकेलच्या कॉलमजवळ ईडीटीए आणू नकोस – ते निकेलच ओढून नेतं, कॉलमचा निळा रंग उडतो आणि हिस्टिडिनचं शेपूट असलेलं तुझं प्रोटीन सरळ खाली वाहून जातं. म्हणून वाहून गेलेलं पाणीही जेल बघेपर्यंत फेकायचं नाही. जेल बोलेपर्यंत बेसिन बंद.

१६. डाळिंबाच्या पानातून डीएनए काढायची वेळ आली तर कोवळं पान घे आणि बफरमध्ये पीव्हीपी घाल – पानातली पॉलिफिनॉल्स हवेनं तपकिरी होतात, डीएनएला चिकटतात आणि पुढचा पीसीआर अडवतात. ट्यूब चहाच्या रंगाची झाली की समज, उशीर झाला.

१७. वॉटर बाथमध्ये बोअरचं पाणी ओतू नकोस, डिस्टिल्डच घाल – आपल्या भागातलं जड पाणी हीटरवर क्षारांचा थर चढवतं, मग आकडा ४२ दाखवतो आणि पाणी भलतंच असतं.

१८. ॲक्रिलामाइड पातळ असताना हातमोज्याविना शिवू नकोस, आणि तेच हातमोजे घालून दाराची कडी धरू नकोस – ते नसांना बाधतं, आणि कडी तर सगळेच धरतात.

१९. ऑटोक्लेव्हमध्ये बाटल्यांची झाकणं सैल ठेव आणि काटा शून्यावर आल्याशिवाय दार उघडू नकोस – १२१ अंशांची वाफ कुणाची ओळख ठेवत नाही. जीन बदललेले जिवाणूही याच वाटेनं जायचे, बेसिनच्या नाही. १९८९ पासून देशात त्याचे नियम आहेत आणि संस्थेची जैवसुरक्षा समिती विचारायला येते.

२०. चांगला क्लोन मिळाला की ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांवर दोन ट्यूब ठेव, शक्यतो दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये – एक फ्रीझर बंद पडला तर महिन्याची मेहनत दुसऱ्यात शाबूत राहते.

२१. वही त्याच दिवशी लिही, फसलेलंही लिही – १९७८ मध्ये माणसाचं इन्सुलिन जिवाणूकडून बनवून घेतलं, १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. मधली चार वर्षं नुसत्या यशाच्या नोंदींनी भरलेली नसणार.

२२. इंदापूरची एसटी गाठायची असेल तर काम कुठं थांबवता येतं ते सकाळीच ठरव – पीसीआर झालेला नमुना फ्रीझरमध्ये उद्यापर्यंत थांबतो, फोडलेल्या पेशी थांबत नाहीत. गाडी चुकलीच, तर मावशीचं घर बारामतीतच आहे. फक्त फोन आधी कर, म्हणजे भाकरी दोन जास्त टाकते.