गाळा सोडला, शिलाई मशीन आत राहिलं

प्रश्न : पिंपळनेरला (ता. साक्री) मी शिवणकामासाठी गाळा घेतला होता. अकरा महिन्यांचा करार, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला. भाडं महिना 3,500 रुपये, डिपॉझिट 20,000. सासूबाईंच्या आजारपणामुळे पाच महिन्यांतच सुरतला जावं लागलं. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. गाळामालकांना आम्ही आबा म्हणतो. त्यांना फोन केला, गाळा सोडतेय, पंधरा दिवसांत सामान नेते म्हणून सांगितलं आणि किल्ली त्यांच्या सुनेकडे दिली. आता आबा कुलूप उघडत नाहीत. ‘मुदतीआधी गाळा सोडल्यास आतील सामान मालकाचे’ असं करारात आहे म्हणतात, शिवाय उरलेल्या सहा महिन्यांचं भाडं मागतात. आत मोटर लावलेलं शिलाई मशीन, पिको-फॉलचं मशीन, कटिंगचं टेबल, भिंतीला ठोकलेला प्लायवूडचा माळा आणि गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस आहेत. काय करू?
– एक भगिनी, पिंपळनेर

उत्तर : ताई, गाळा सोडणं म्हणजे सामान सोडणं नव्हे. सामान नेणार असल्याचं तुम्ही फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे ‘टाकून गेली’ हा बचाव आबांना फारसा उपयोगी नाही.

असे करार बहुधा ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणून केलेले असतात. त्यांना भारतीय सुविधाधिकार कायदा, 1882 लागतो, आणि मुंबई इलाख्यात तो 1891 पासून आहे. कलम 62 प्रमाणे परवानगीनं वापरणाऱ्यानं जागा आपणहून सोडली तरी परवाना संपला असं धरतात. पुढचंच कलम 63 सांगतं, की परवाना संपल्यावर जागा सोडायला आणि तिथे ठेवू दिलेलं सामान हलवायला वाजवी मुदत मिळाली पाहिजे. वाजवी म्हणजे किती दिवस, ते कलमात नाही. दोन मशीन आणि एका टेबलासाठी पंधरा दिवस कुठल्याही न्यायाधीशाला जास्त वाटणार नाहीत. सहा महिने मात्र वाटतील, म्हणून आता वेळ घालवू नका. करार भाडेपट्ट्याचा ठरला तरी मशीन आणि टेबल तुमचंच राहतं. पिंपळनेरला 1999 चा भाडे नियंत्रण कायदा लागतो की नाही, या वादात इथे शिरायचीही गरज नाही.

करारातल्या त्या ओळीनं घाबरू नका. ती दंडाची अट आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार करार मोडला तर वाजवी नुकसानभरपाई मिळते, लिहिलेला दंड जसाच्या तसा वसूल होत नाही. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या 1963 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम जप्तीच्या अटींनाही लावलं. सहा महिन्यांच्या 21,000 रुपयांचंही तसंच. आबांनी गाळा पुढच्याच महिन्यात दुसऱ्याला दिला, तर त्यांचं नुकसान एखाद्या महिन्याचं.

आता हिशेब करू. थकलेले दोन महिने 7,000, आणि करारात एक महिन्याची नोटीस असेल तर तिचे 3,500, म्हणजे 10,500. डिपॉझिट 20,000. वीजबिल किंवा मोडतोड निघाली नाही तर उलट आबांनीच तुम्हाला 9,500 रुपये द्यायचे आहेत! आणि समजा तुमच्याकडे येणं निघत असतं, तरी भाड्यापोटी मशीन अडकवून ठेवायचा अधिकार मालकाला आपसूक मिळत नाही. पैशाचं येणं पैशानं मागायचं, नाही दिलं तर कोर्टात जायचं. भाड्यासाठी माल जप्त करण्याची तरतूद 1882 च्या एका कायद्यात जुन्या प्रेसिडेन्सी शहरांसाठी आहे, पण तिथेही वॉरंट कोर्टाचं आणि जप्ती बेलिफची. मालकानं स्वतः कुलूप ठोकणं तिथेही बसत नाही.

तुमची बाजू लंगडी आहे ती माळ्याच्या बाबतीत. भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 भाडेकरूला ठोकलेल्या वस्तू काढू देतं, पण ताबा असेपर्यंतच, ‘नंतर नाही’ असं स्पष्ट म्हणून, आणि जागा होती तशी करून. तुम्ही किल्ली देऊन बसलात. माळ्यासाठी भांडू नका, तडजोडीत तो आबांना सोडला तर मशीन लवकर हाती येतील.

आता करायचं काय? कुलूप तोडू नका. सामानाची यादी, मशीनची बिलं, गाळ्यात काढलेले फोटो, फोन केल्याची तारीख हे सगळं एकत्र करा. किल्ली घेतल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर सुनेचं एखादं ‘हो’ असेल तर तेही जपा. मग वकिलाकरवी स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा : अमुक तारखेला दोन पंचांसमोर सामान द्या, डिपॉझिटचा हिशेब द्या. पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ असं ऐकायला मिळेल, आणि नुसतं अडवून ठेवण्यापुरतं ते बरोबरही असतं. पण आबांनी मशीन विकलं किंवा वापरायला काढलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 चा, म्हणजे अप्रामाणिक अपहाराचा प्रश्न येतो. त्यात शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. ही ओळ नोटिशीत सौम्य शब्दांत असू द्या. गावात रोज तोंड बघायचं असतं.

नोटिशीनं भागलं नाही तर वस्तू परत मिळवण्याचा दावा साक्रीच्या दिवाणी न्यायालयात करता येतो, मुदत तीन वर्षं. वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. साक्री न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. प्रकरण लोकअदालतीत बसवण्याची विनंतीही तिथेच करता येते.

ब्लाउजपीस मात्र ना आबांचे, ना तुमचे. ते गिऱ्हाइकांनी शिवायला म्हणून तुमच्या हवाली केलेत, म्हणजे सांभाळायची जबाबदारी कायद्यानं तुमची. करारातली ती ओळ खरी धरली तरी परक्याच्या कापडाला लागूच होत नाही. म्हणून ते आधी आणि वेगळे मागा, ज्यांचे आहेत त्यांची नावं यादीत लिहा, आणि नोटीस जायची वाट न बघता त्या बायकांना आजच फोन करून कापड कुठे अडकलंय ते सांगा. त्यातल्या दोघी-तिघी आबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, तर कुलूप नोटिशीआधीही उघडेल.